पदवीनंतरचं पहिलं वर्ष: सोलापूरच्या मुलामुलींसाठी

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की पहिले पंधरा दिवस छान जातात. पेढे वाटून होतात, देवदर्शन होतं, मित्रांची एखादी सहल होते. मग एका सोमवारी सकाळी जाग येते आणि आज कुठंच जायचं नाही हे लक्षात येतं. बालवाडीपासून कुणी ना कुणी आपलं वेळापत्रक ठरवत आलेलं असतं. जून आला की नवी वही, दिवाळीआधी परीक्षा, मग सुट्टी. ते सगळं एकदम थांबतं आणि त्याच्या जागी एकच प्रश्न येऊन बसतो: "मग, सध्या काय चाललंय?" नळाला पाणी आलं की दारात शेजारच्या काकू विचारतात, लग्नात मामा विचारतात, आणि रात्री झोप येत नसली की आपलं आपणच विचारतो.

मी सोलापुरात एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. पावसाळ्यात नुकतीच पदवी झालेली मुलंमुली बायोडाटा घेऊन येतात, त्यांच्याशी पहिल्यांदा मीच बोलते. ही मुलं हुशार असतात, कष्टाला मागं हटत नाहीत. ती अडतात ती निर्णयाला तारीख न लावल्यामुळं. "दोन महिने बघतो, नाहीतर पुण्याला जातो", "या वेळची परीक्षा देऊन बघते", असं म्हणता म्हणता पुढचा जून उजाडतो. म्हणून खाली जवळपास प्रत्येक कामाला मी मुदत घातली आहे. एक शंभर पानी वही घ्या, जे ठरवाल ते तारखेसह तिच्यात लिहा, आणि ती वही घरात कुणाला तरी माहीत असू द्या.

पहिले पंधरा दिवस: कागदपत्रांची फाईल

नोकरी शोधायला लागण्याआधी हे काम संपवा. निवड झाली की कंपनी दोन-तीन दिवसांत सगळे कागद मागते, आणि त्या घाईत सेतू कार्यालयाच्या रांगेत उभं राहायची वेळ येते.

कॉलेजमधून सगळ्या सत्रांची मूळ गुणपत्रकं, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि टीसी घ्या. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा, ना-हरकत घ्या, आणि प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम परत मागा. ती तुमचीच असते, पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. मूळ पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभाच्या वेळी मिळतं. त्यासाठी आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आधी अर्ज मागवतं, त्या सूचनेवर लक्ष ठेवा. एम.ए., एम.कॉम., एमबीए दुसऱ्या विद्यापीठातून करायचं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, तेही केगावच्या विद्यापीठ कार्यालयातून आत्ताच काढून ठेवा.

सेतूतून किंवा आपले सरकार पोर्टलवरून डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तसा जातीचा, नॉन-क्रीमीलेयरचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. भरतीच्या जाहिरातीत दिलेल्या तारखेला तो चालू असावा लागतो, एवढ्या एका गोष्टीपायी निवड झालेली मुलं कागद तपासणीत बाहेर पडतात.

नावाच्या स्पेलिंगचा त्रास आपल्या शहरात जरा जास्तच आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. सोलापुरात मराठीइतक्याच सहज तेलुगू आणि कन्नड आडनावं भेटतात. इंग्रजीत लिहिताना त्यातलं एखादं अक्षर कधी जोडून येतं, कधी एकटं. आमच्याकडं आलेल्या पूर्व भागातल्या एका मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावात दोन 'एल' होते, आधारवर एकच, आणि पॅनवर वडिलांचं नाव तिच्या नावाच्या आधी आलेलं. वाचताना तिन्हीकडं ती एकच मुलगी. पीएफचा युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, मात्र आधारवरून तयार होतो, बँक पॅन पाहते, आणि कंपनी दहावीचं प्रमाणपत्र पाहते. कुठंतरी गाडी अडणारच.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया धरा. त्यावरचं स्पेलिंग बरोबर असेल तर आधी आधार त्याच्याशी जुळवून घ्या, मग पॅन, मग बँक. आधारवर नावातला बदल आयुष्यात दोनदाच करता येतो आणि जन्मतारखेतला एकदाच. त्यामुळं केंद्रावरच्या माणसानं अर्ज पुढं पाठवण्याआधी त्याच्या पडद्यावरचं एकेक अक्षर स्वतः वाचा, घाई करू देऊ नका. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नावच बदलायचं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर तुमच्या स्वतःच्या हातात असायला हवा. भावाच्या नाहीतर वडिलांच्या नंबरवर ओटीपी जात असेल तर तो बदलून घ्या. सगळे कागद स्वच्छ स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवा. नेट कॅफेत स्कॅन केलं असेल तर त्या संगणकावरची फाईल पुसूनच उठा. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. आणि कुठल्याही नोकरीत मूळ कागद दाखवायचे, जमा करायचे नाहीत. "सोडून जाऊ नये म्हणून ठेवून घेतो" असं म्हणणाऱ्या मालकाकडं नोकरी धरूच नये, हे माझं ठाम मत आहे.

पासपोर्टही याच काळात काढा. परदेशी जायचं असो वा नसो, पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही कायमच्या पत्त्यावर घरी असता. एकदा पुणे-बंगळूरला गेलात की तेवढ्यासाठी खेटे घालावे लागतात.

त्याच महिन्यात: दिवसाला आकार द्या

घरी बसलेल्या पदवीधरावर घरातली सगळी फुटकळ कामं येऊन पडतात. गॅस, बँक, लाईट बिल, बहिणीला क्लासला सोडणं, आजीला दवाखान्यात नेणं. कुणी मुद्दाम करत नाही, "घरीच तर आहेस" एवढंच असतं. पण संध्याकाळी दिवसाचा हिशोब लागत नाही आणि चिडचिड होते. यावर उपाय म्हणजे कामं नाकारू नका, वाटून घ्या. "पाणी भरणं आणि बाजार माझ्याकडं. दहा ते दोन मात्र मी घरात नाही असं समजा," असं एकदा स्पष्ट सांगा, आणि ते चार तास खरोखर घराबाहेर बसा. वाचनालय, अभ्यासिका, मित्राची गच्चीवरची खोली, कुठंही चालेल. घरातल्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा आईला मोकळाच दिसतो, तिचा त्यात काही दोष नाही.

आपल्याकडचं ऊन लक्षात घेऊन वेळा ठरवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, दुपारी डोकं चालत नाही. अवघड काम सकाळी सहा ते दहामध्ये संपवा. मी सकाळी सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याकडं फिरायला जाते, तिथं या वयाची मुलं हल्ली पुष्कळ दिसतात आणि बरं वाटतं. उठायची वेळ कॉलेजच्या दिवसांसारखीच ठेवा. रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि सकाळी अकराला उठणं ही सवय दोन आठवड्यांत लागते आणि सुटायला महिने घेते.

घरच्यांशी बोलणी

हे टाळलं जातं, आणि टाळल्यामुळंच वाद होतात. आईवडिलांना तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. त्यांना दिसतो तो फक्त मोबाईल.

एका रविवारी जेवणं झाल्यावर बसा. वही समोर ठेवा. काय करणार, कधीपर्यंत करणार, तोवर घरून किती पैसे लागतील, या तीनच गोष्टी सांगा. "पप्पा, मला ३१ मार्चपर्यंत वेळ द्या. तोवर मी बँकेच्या परीक्षा देतो आणि सकाळी क्लासमध्ये शिकवून माझा खर्च काढतो. तेव्हा निकाल बघून परत बसू." असं नेमकं बोललं की वडिलांचा आवाज खाली येतो. त्यांची भीती पैशांपेक्षा अनिश्चितपणाची असते. ज्यांनी यंत्रमागावर, शेतात, दुकानात आयुष्य घातलं त्यांच्यासाठी मुलाची पदवी म्हणजे घरानं केलेली सगळ्यात मोठी गुंतवणूक असते, हे ध्यानात ठेवून बोला.

मुलींसाठी ही बैठक जास्त गरजेची आहे. पदवी झाली की स्थळं यायला लागतात, आणि पत्रिका हातोहात फिरू लागली की थांबवणं अवघड होतं. म्हणून निकालाआधीच, निदान निकालाच्या आठवड्यात, घरी बोला. आधी आईशी. तिला पटलं की अर्धं काम झालं. मग घरात जिचा शब्द चालतो अशी आत्या, मावशी किंवा नोकरी करणारी वहिनी सोबत घ्या. "मला लग्न करायचंच नाही" असा वाद घालण्यापेक्षा "मला दोन वर्षं नोकरी करायची आहे, तोवर पत्रिका बाहेर द्यायची नाही" असं ठोस मागा. पुण्याला जायचं असेल तर वडिलांना एकदा सोबत न्या. राहायची जागा, तिथल्या बाई, कंपनीचं दार, रस्ता, सगळं त्यांना डोळ्यांनी बघू द्या. घरी बसून केलेल्या दहा चर्चांनी होत नाही ते त्या एका फेरीत होतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. आणि पहिल्या पगारापासून स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावानं बचत ठेवा, त्या खात्याचं एटीएम कार्ड स्वतःकडं ठेवा.

नातेवाइकांच्या प्रश्नासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. "सध्या अकाउंट्सचा कोर्स चालू आहे, दिवाळीनंतर नोकरीला लागायचं ठरवलंय." कामाचं नाव आणि महिना आला की पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात.

तीन महिन्यांच्या आत: कुठली वाट

सोलापूरच्या पदवीधरासमोर साधारण चार वाटा असतात: इथंच नोकरी किंवा धंदा, पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी, पुढचं शिक्षण, आणि स्पर्धा परीक्षा. निकालापासून तीन महिन्यांत एक मुख्य वाट आणि एक जोडवाट निवडा.

स्पर्धा परीक्षेबद्दल मी जरा परखड लिहिते, कारण सगळ्यात जास्त वर्षं तिथंच जातात. एमपीएससीला खुल्या गटासाठी कमाल वय ३८ आहे आणि मागास प्रवर्गांसाठी ४३. फौजदारासारख्या काही पदांना ते कमी आहे. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळं दार कायम उघडं दिसतं आणि तिशी कधी आली ते कळत नाही. वयाची मर्यादा आयोगाची झाली, तुमची स्वतःची मर्यादा वेगळी हवी. अभ्यासाला सुरुवात करण्याआधीच ती वहीत लिहा: इतके प्रयत्न, या तारखेपर्यंत. पहिल्या पूर्वपरीक्षेत कट-ऑफच्या किती जवळ पोचलात ते प्रामाणिकपणे बघा. दुसऱ्या प्रयत्नातही अंतर तेवढंच राहिलं तर वाट बदलण्यात कमीपणा नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. नुसते पर्याय निवडण्याच्या तयारीवर आता भागत नाही, रोज हातानं लिहावं लागतं. पदवीच्या काळात लिहायचा सराव सुटला असेल तर त्याला लागणारा वेळही धरा.

आणि तयारीच्या काळात काहीतरी कमवत राहा, निम्मा दिवस का असेना. शिकवण्या घ्या, दुकानाचे हिशोब लिहा. हातात चार पैसे असले की अपयश पचवायला बळ येतं, आणि बायोडाट्यात रिकामी वर्षं दिसत नाहीत.

पुढचं शिक्षण "नोकरी नाही म्हणून एम.ए." असं घेऊ नका. ज्या कामासाठी ते लागतं त्या कामातल्या दोन माणसांना आधी भेटा आणि त्यांना विचारा.

इथंच काम शोधायचं असेल तर

"सोलापुरात काय आहे?" असं म्हणणाऱ्या मुलांना मी विचारते, चिंचोळी एमआयडीसीत शेवटचं कधी गेला होतास? बहुतेकांनी ती पुण्याच्या एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेली असते. चादर आणि टॉवेलचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. पण टॉवेल परदेशी जातो तेव्हा त्यामागं निर्यातीची कागदपत्रं, बँकेचे व्यवहार, जीएसटीचा परतावा, ग्राहकाशी इंग्रजीतला पत्रव्यवहार एवढं सगळं असतं, आणि ते करणारी माणसं कमी पडतात. शाळेचे गणवेश शिवणारा तयार कपड्यांचा धंदा, इंजिनिअरिंगचे आणि रसायनांचे कारखाने, जिल्हाभरातले साखर कारखाने, डाळिंबाचा व्यापार, दवाखाने, सहकारी बँका, या सगळ्यांना हिशोब, संगणक आणि बोलणं जमणारी माणसं लागतात. फक्त ते जाहिरात देत नाहीत. ओळखीतून माणूस शोधतात.

म्हणून एक महिना असा ठेवा की आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष फिरायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसी एक दिवस, चिंचोळी दुसऱ्या दिवशी. सकाळी अकराच्या सुमारास जा, एक पानी बायोडाटा हातात ठेवा, आणि "मालक आहेत का?" विचारण्याऐवजी हिशोब विभागात किंवा ऑफिसात कोण बघतं ते विचारा. कोणतं काम येतं ते एका वाक्यात सांगा: "टॅली येतं, जीएसटीचं रिटर्न भरायला शिकलोय, तेलुगू आणि हिंदी बोलता येतं." भाषा बायोडाट्यात ठळक लिहा. जो मुलगा घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, कॉलेजात मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो, त्याला ती चार भाषांची कमाई वाटतच नाही. हैदराबाद आणि बंगळूरशी व्यवहार असलेल्या धंद्याला मात्र ती हवी असते.

शिकाऊ उमेदवारी फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते असा समज आहे. पदवीधरांसाठीही ती असते, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत नोंदणी करून ठेवा. राज्याच्या महास्वयंम पोर्टलवरही नाव नोंदवा, जिल्हा रोजगार मेळाव्यांची माहिती तिथंच येते. स्वतःचा उद्योग करायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. पण त्याआधी त्याच धंद्यात सहा महिने दुसऱ्याकडं नोकरी करा. उधारी कशी वसूल होते ते पुस्तकात मिळत नाही.

फसवणुकीबद्दल दोन गोष्टी. नोकरी देण्यासाठी नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा नावाखाली पैसे मागणारी जागा सोडून द्या, समोरचा कितीही गोड बोलू दे. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" असं सांगून फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरवला जातो, आणि पोलीस तुमच्या दारात येतात. ऑनलाईन पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. १९३० सालच्या मार्शल लॉच्या आणि चार हुतात्म्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या सोलापूरकराच्या तो सहज लक्षात राहील.

पुण्याला जायचं असेल तर: आधी हिशोब

मुलाखतीला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन त्याच रात्री परत येता येतं. मात्र दहाच्या मुलाखतीला ती पोचवत नाही. फोनवरच "सोलापूरहून येतो, दुपारची वेळ मिळेल का?" असं विचारा. बहुतेक ठिकाणी देतात.

आता पगार. पत्रावर वर्षाला ३ लाख लिहिलं म्हणजे महिन्याला २५,००० हातात येतील असं मुलं धरून चालतात, घरी तसं सांगतात, आणि पहिल्याच महिन्यात खट्टू होतात. हिशोब असा बसतो. समजा मूळ पगार १२,५०० आहे. त्याच्या १२ टक्के म्हणजे १,५०० रुपये कंपनी पीएफमध्ये भरते, ते त्या २५,००० मध्येच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे साधारण ६०० तसेच. उरले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० जातो आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात येतात २१,२००. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळं मुलीच्या हातात २१,४००. कंपनीनं आरोग्यविम्याचे पैसेही यातच धरले असतील तर आणखी कमी. म्हणून पत्र स्वीकारण्याआधी सरळ विचारा: "दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?"

काही लहान कंपन्या मुलांना नोकरीऐवजी सल्लागार म्हणून घेतात. पीएफ नसतो आणि १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. अशा वेळी घाबरू नका, एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो टीडीएस परत मिळतो. मात्र याला नोकरीचं संरक्षण नसतं, हे समजून सही करा. बाँड असेल तर किती महिने आणि सोडल्यास किती रक्कम, हे आकडे घरी दाखवल्याशिवाय सही नको.

खर्चाची बाजू तुमच्या चौकशीप्रमाणं मांडा. नमुना म्हणून: कॉट बेसिसवर खोली ६,०००, मेस ३,५००, जाणंयेणं १,५००, मोबाईल आणि किरकोळ २,५००, महिन्यातून एकदा घरी यायला १,०००. झाले १४,५००. उरतात साडेसहा-सात हजार. सोलापुरात १४,००० ची नोकरी मिळाली, घरी राहिलात आणि पेट्रोल-मोबाईलवर ३,००० गेले तर ११,००० उरतात. यावरून पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पुण्यात जे काम शिकाल त्यानं दोन वर्षांत पगार वाढणार असेल तर जरूर जा. पण फक्त "पुण्याला आहे" असं सांगता यावं म्हणून जात असाल तर हा हिशोब पुन्हा वाचा.

पहिला पगार हातात यायला महिना ते सव्वा महिना जातो. त्याआधी दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेस, गादी-बादली असा खर्च येतो. वरच्या नमुन्यात ते ३०,००० च्या आसपास जातं. एवढी रक्कम जमल्यावरच निघा. पहिल्या महिन्यात मित्राकडून उसने घेऊन सुरुवात केली की पुढचे चार पगार ते फेडण्यात जातात. निघताना डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर घ्या. मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या खोलीत नव्या ओळखी त्यानं लवकर होतात.

नोकरीचे पहिले तीन महिने

वेळेआधी दहा मिनिटं पोचा. सांगितलेलं काम लिहून घ्या, समजलं नसेल तर त्याच दिवशी विचारा. कॉलेजातलं "काय बे" ऑफिसच्या दाराबाहेर ठेवा, सोबतचा तुमच्याच वयाचा असला तरी. तुमच्या बोलीवरून पुण्यात कुणी हसलं तर संकोचून गप्प बसू नका. काम नीट होत असेल तर सहा महिन्यांत हसणारेच शंका विचारायला येतात. चूक झाली तर लपवू नका, लगेच वरिष्ठांना सांगा. आमच्याकडं चुका करणाऱ्या मुलांना आम्ही शिकवतो, लपवणाऱ्यांना ठेवत नाही.

पैसा आणि कर्ज

पहिला पगार आईच्या हातात द्या, सिद्धेश्वराला नाहीतर तुळजापूरला जाऊन या. दुसऱ्या पगारापासून घरी द्यायची रक्कम ठरवून घ्या आणि तेवढीच द्या. बँकेतलं विद्यार्थी खातं साध्या बचत खात्यात बदललं का आणि किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचारा. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत हप्त्यावर फोन किंवा गाडी घेऊ नका.

शैक्षणिक कर्ज असेल तर साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराची सवलत असते, पण व्याज त्या काळातही वाढत असतं. बँकेत जाऊन पहिल्या हप्त्याची नेमकी तारीख लिहून घ्या. जमलं तर नुसतं व्याज भरायला आत्ताच सुरुवात करा. हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर तुमचाही बिघडतो आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचाही. वडिलांच्या आरोग्यविम्यात तुमचं नाव असेल तर ते कोणत्या वयापर्यंत चालतं ते पॉलिसीत बघा, अनेक पॉलिसींत २५ नंतर मुलांना स्वतंत्र विमा घ्यावा लागतो.

मन

गट पांगतो. एक पुण्यात, एक दुबईत, एकीचं लग्न ठरलेलं. इन्स्टाग्रामवर सगळ्यांचं छान चाललेलं दिसतं आणि आपण मागं राहिलो असं वाटतं. त्यावर मला माहीत असलेला चांगला उपाय म्हणजे प्रत्यक्ष भेटणं. जे शहरात उरले आहेत त्यांनी महिन्याचा एक ठरलेला रविवार ठेवा आणि नवी पेठेत चहाला भेटा. नोकरी लागलेल्यांनी न लागलेल्यांचं बिल न बोलता द्यावं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण जाईना, आंघोळ करावीशी वाटेना, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर हा आळस नव्हे. घरात एकाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मित्राच्या बोलण्यात असं काही जाणवलं तर त्याला एकटं सोडू नका, फोन लावून त्याच्याशेजारी बसा.

संक्रांतीला आढावा

जून-जुलैच्या निकालापासून सहा महिने धरले की सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते. बाहेरगावी गेलेली मुलं नंदीध्वजांच्या मिरवणुकीला घरी येतात, म्हणून आढाव्याला हा मुहूर्त सोयीचा. वही काढा. कुठल्या तारखा पाळल्या, कुठल्या हुकल्या? निवडलेली वाट अजून पटते का? हातात किती शिल्लक आहे? कुठला दाखला ३१ मार्चला संपतोय? जी वाट चालत नाही तिच्यावर रेघ मारा आणि जोडवाट मुख्य करा. त्याच दिवशी पुण्याहून आलेल्या मित्राला त्याच्या कंपनीत जागा आहे का ते विचारून घ्या, तुमचा बायोडाटा त्याच्यासमोरच त्याला पाठवा, आणि त्याला पुन्हा कधी फोन करायचा ती तारीख वहीत लिहा.